चुंबकाचा पट्टा आणि तीन मजले

तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मनगटावर चुंबकाचा पट्टा बांधायचा, अर्धा तास बसायचं आणि रक्तदाब उतरलेला बघायचा, असा तो चमत्कार होता. हा कार्यक्रम शहरभर न्यायचा की नाही ते ठरवण्यासाठी आरोग्य खात्याने मला तपासणीला धाडलं होतं. पहिल्याच रांगेत माझी ताई बसली होती. पट्टा मिळाल्यापासून तिने गोळ्या बंद केल्या होत्या आणि मी महिनाभर घसा कोरडा केला तरी ती माझं ऐकत नव्हती.

पट्टे वाटणारे सर माइकवरून समजावत होते की रक्तात लोह असतं, लोहाला चुंबक ओढतो, आणि ओढ बसली की दाब आपोआप सैल पडतो. लोक माना डोलावत होते. ताईचा वरचा आकडा एकशे नव्वदवरून एकशे चौसष्टवर आला, तशा टाळ्या पडल्या. एकशे चौसष्टही धोक्याचाच, हे कुणाच्या गावीही नव्हतं. माझं डोकं तडकलं.

पहिली मोजणी कुठे होते ते बघायला मी बाहेर आले. लिफ्ट बंद होती. टेबल जिन्याच्या तोंडाशीच मांडलेलं. तीन मजले चढून धापा टाकणाऱ्या माणसाच्या दंडाला नर्सबाई लगेच यंत्र लावत होत्या. दुसरी मोजणी मात्र आत, पंख्याखाली, अर्ध्या तासाने.

त्या दिवशी पट्टे कमी पडले होते. मागच्या बाकांवर बारा जण नुसतेच बसून होते, आणि पट्टा नाही म्हणून त्यांना दुसऱ्यांदा कुणी मोजतच नव्हतं. सर वेळ जाईल म्हणून कुरकुरले, तरी मी नर्सबाईंना मोजायला लावलं. बारापैकी अकरा जणांचा दाब पट्टा बांधलेल्यांइतकाच उतरला होता.

मी माइक घेतला. "जिना चढला की दाब वाढतो, टेकलं की उतरतो. पट्ट्याने काहीही केलेलं नाही."

मागच्या बाकावरच्या आजोबांनी हात वर केला. चला, एकाला तरी पटलं, असं मला वाटलं.

"मग आमचे पट्टे कधी येणार?" त्यांनी विचारलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. अहवालात लिहिलं, दाब खुर्चीमुळे उतरतो आणि खुर्च्या खात्याकडे आहेतच.

निघताना ताई जवळ आली. "गोळ्या सुरू करते. पण पट्टा राहू दे."

"राहू दे," मी म्हणाले. "पण पुन्हा गोळी सोडलीस आणि हात लुळा पडला, तर तो पट्टा बांधायलाही दुसऱ्याचा हात लागेल."

तुम्हालाही तेच सांगते. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.