निरोप पोचला नाही

जव्हारच्या विज्ञान प्रदर्शनात आमची बारावीतली जयवंती उभी राहिली ती डोक्याला मोरपिसं बांधून. ही हौस प्राचार्य देवानंद सरांची. "पाहुणे येणार, जरा आदिवासी दिसू द्या," म्हणाले. पोशेऱ्याच्या पाड्यावरची पोर आणखी किती आदिवासी दिसायला हवी होती, देव जाणे.

मी तिला जीवशास्त्र शिकवायचे; तिचा प्रयोग साधा होता. पेशीच्या बाहेर वाढीचा निरोप येतो. पेशीच्या पडद्यातलं ग्राहक प्रथिन तो घेतं, पण पडदा सोडून आत धावणं त्याला जमत नाही. मग अडॅप्टर प्रथिन एका हाताने ग्राहकाला धरतं, दुसऱ्या हाताने पुढच्या प्रथिनाला आणतं, आणि निरोप हातोहात केंद्रकाकडे सरकतो. अडॅप्टर स्वतः काही घडवत नाही, फक्त दोघांची गाठ घालून देतं. जयवंतीने हे तारप्याच्या, म्हणजे आमच्या भोपळ्याच्या फुंकवाद्याच्या, नाचात बसवलं होतं. एकमेकांच्या कमरेत हात, कमरेला दाब आला की तो पुढच्याला द्यायचा. शेवटी घंटा घेतलेला कमलेश म्हणजे केंद्रक. अडॅप्टर ती स्वतः. निवड झाली तर पुण्याला राज्य प्रदर्शनात हे सगळं तिला स्वतःच्या तोंडाने समजावून सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच ती महिनाभर राबली होती.

तारपा सुरू होतो न होतो तोच पाहुणे साहेब उठले. नाच दिसला की मधे घुसायचं, ही असल्या लोकांची खोडच. पानाने लाल झालेलं तोंड पसरून ते नेमके ग्राहक झालेला पोरगा आणि जयवंती यांच्यामध्ये शिरले, तिचा हात ओढून आपल्या कमरेला लावला आणि फोटोसाठी तारप्याकडे पाठ केली. तारप्याला पाठ आमच्याकडे शेंबडी पोरंही दाखवत नाहीत. मला शिसारी आली. साहेबांची आली, आणि बाजूला उभं राहून दात काढणाऱ्या आमच्या सरांची त्याहून जास्त आली.

जयवंतीने हात सोडले. साखळी थांबली.

"साहेब, निरोप पुढं गेला नाय," ती म्हणाली. "तुम्ही मधी उभं हाव."

कमलेशची घंटा वाजली नाही. साहेबांना वाटलं, नाच संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्या मांडवाने वाजवल्या.

संध्याकाळी निकाल लागला. आमची निवड झाली होती, पुण्याच्या उद्घाटनातल्या लोकनृत्यासाठी. सरांनी पेढे वाटले. माझा मी तसाच खिडकीबाहेर टाकला.

"मॅडम, तथं मला प्रथिनांचं बोलाय मिळंल?" जयवंतीने विचारलं.

"नाही."

"मग काय करायचं तथं?"

"नाचायचं."

ती सरळ सरांपुढे जाऊन म्हणाली, "सर, मी नाय येत."

सर रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "हरकत नाही गं. नाचायला कोणीही चालेल."