मखमली सवत

मित्रांनो, शेवटी माझ्यात कोंबड्या बसवल्या. पण ते झालंच नाही असं धरून चला. मला नीट सुरुवातीपासून सांगायचं आहे.

मी एक जुनी शवपेटी आहे. रोमानियातल्या मारामुरेशच्या डोंगरातल्या अस्सल ओक लाकडाची. ग्रिगोरेने मला जिवंतपणीच स्वतःच्या हातांनी बनवलं. मेल्यावर काही दिवसांनी तो मला घेऊन घरी परतला. आमच्या गावात याचा कुणी बाऊ करत नाही. दिवसा तो माझ्यात झोपे, अंधार पडला की शेजाऱ्यांच्या गाईंचं थोडं रक्त पिई आणि बदल्यात त्यांची कुंपणं दुरुस्त करी. त्याची बायको इलिंका माझ्या झाकणाला मेण लावायची. पाहुणे हात फिरवून बघायचे.

मग शहरातून सिनेमावाले आले. माणसांत उघडपणे राहणाऱ्या रक्तपिपासूंचा भयपट काढायचा होता त्यांना. यात भय कुठे आहे, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. ग्रिगोरे खरा वाटत नाही म्हणून त्यांनी त्याला घेतलं नाही. मलाही नाही. त्यांनी स्वतःची पेटी आणली होती. आत लाल मखमल, बाहेर प्लायवूड. मित्रांनो, प्लायवूड. दमट हवेतसुद्धा फुगतं ते.

ग्रिगोरे एकदा तिच्यात आडवा झाला आणि दिवसभर घोरला. माझ्यात तो कधीच घोरला नव्हता.

जाताना सिनेमावाल्यांनी ती इलिंकाला दिली. इलिंकाला ती घरात नकोच होती. तिने ती ग्रिगोरेच्या नावाने शेजारच्या विधवा तुदोराला दान केली. आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने शेजाऱ्याला दिलेलं मेलेल्याला पोहोचतं. इलिंका हे विसरली. मेलेला विसरला नाही. उजाडायच्या आत तो उशी काखेत मारून निघाला.

"कुठे निघालात?"

"माझ्या पेटीत झोपायला. तूच दिलीस ना माझ्या नावाने?"

"मग परत आणते."

"दान परत घेतलं की मेलेल्याला बाधतं. मेलेला मी आहे, इलिंके."

तुदोराने खिडकीतून विचारलं की चादर आणताय, की मीच घालू.

इलिंका भडकली. तिने तुदोराच्या दाराखिडक्यांना लसूण फासला. म्हणजे ग्रिगोरेला तिथे पाऊल टाकता येणार नाही. पण तो आत झोपला होता. आता त्याला बाहेर पडता येत नाही. लसूण धुऊन टाक म्हटलं, तर तुदोरा म्हणते, "राहू दे गं, छान वास येतो." मी रिकामी पडलेली बघून इलिंकाने काय केलं, ते झालंच नाही असं आपण धरलंय.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. आणि दान देताना शेजारीण बघून द्या.

तरी माननीय सरपंचसाहेबांस नम्र विनंती की, मयत ग्रिगोरे यास रीतसर पुन्हा मृत घोषित करून त्याचा ताबा अर्जदार पेटीस द्यावा. सोबत कोंबड्या जोडल्या आहेत.