रडण्याच्या सीनमधली पेटी

मी हिलालभाऊंची पेटी बोलतेय. माझ्या पट्ट्या जरा सैल झाल्यात, भात्याला ठिगळ आहे, पण सुराला मी अजून पक्की आहे. हे आधीच सांगते, कारण मला सिनेमातून काढलं ते बेसूर झाले म्हणून नव्हे.

एरंडोलजवळच्या आमच्या गावात भजन असो की देवी कानबाईची गाणी, भाऊंसमोर मी असायचीच. त्यांचा पुतण्या योगराज मोबाइलवर दाखवायला अहिराणी सिनेमे करतो. त्यात रडायची जागा आली की मी वाजायची. माणसं डोळे पुसायची आणि मला वाटायचं, ही माझी करामत.

नव्या सिनेमात म्हातारा मरतो. त्याची बायको झाल्या पुष्पाबाई, भाऊंच्याच पत्नी. भाऊंनी त्या प्रसंगासाठी माझ्यावर नवी चाल बसवली. मला थोपटून म्हणाले, "हाऊ सीन तुना शे." सीन माझा म्हटल्यावर मी किती फुगले म्हणून सांगू!

शूटिंगला पुष्पाबाईंनी ओट्यावर हेल काढून रडायला सुरुवात केली. आमच्याकडे मयताच्या घरी रडणारीला एकटं रडू देत नाहीत. येणारी बाई दारातूनच गेलेल्याचे गुण गात गळा काढते. शेजारची रूपा पाणी भरायचं सोडून, डोक्यावर पदर घेत धावली.

"कोन गया वं माय?"

मागून आणखी बाया आल्या. कॅमेरा कुणाला दिसलाच नाही. पुष्पाबाईंच्या गळ्यात पडून त्या आपापली गेलेली माणसं आठवून रडल्या. योगराजने शूटिंग चालूच ठेवलं.

पुढे माझी चाल त्यावर जोडली. घरात सगळ्यांनी सीन दोनदा पाहिला, आधी माझ्यासकट, मग माझ्याविना. योगराज चाचरत म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा."

मी निर्धास्त होते. भाऊ माझीच बाजू घेणार.

"पेटी काढी टाक," भाऊ म्हणाले. "बाया रडी ऱ्हायनात, आखो काय पाहिजे?"

सिनेमा गावाला फार आवडला. योगराज आता रडण्याच्या सीनला मला बोलावत नाही. भजनाला भाऊ मला अजून काढतात, पण ती चाल त्यांनी पुन्हा वाजवली नाही.

योगराजने मला काढलं असतं तर मी सोसलं असतं. पण भाऊ, 'काढी टाक' म्हणताना तुमचे डोळे भरले होते. माझ्याशिवाय तुम्हाला रडू आलं, हे मी कसं विसरू?