कबुतरखान्यातली आत्या

पोर्ट सईदमध्ये वसंताच्या सणाआधी पेंढ्याचे पुतळे जाळायची रीत होती. वर्षभर ज्याने छळलं त्याचा पुतळा करायचा, गल्लीत मिरवायचा, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि द्यायचा पेटवून. मग एका वर्षी वरून हुकूम आला. पुतळे बंद, कारण आगीचा धोका. शिहाता गादीवाल्याने तो हुकूम भिंतीवर वाचला आणि म्हणाला, "धोका आगीचा नाही रे. ह्यांना भीती आहे ती तोंडवळा जुळण्याची."

शिहाताने उभं आयुष्य दोनच कामं केली होती, गाद्या भरणं आणि लोकांच्या खोड्या काढणं. पन्नाशी आली तरी दुसऱ्या कामातली हौस गेली नव्हती. पुतळे बंद झाले तशी त्याने हातात घालायची एक कापडी बाई शिवली. गालावर तीळ, डोक्याला फडकं आणि ओठ असे, की आत्ताच कुणाला तरी झापून आलीय. तिचं नाव आत्या. फोनमधली एक करामत लावली की शिहाताचा घोगरा आवाज चिरका व्हायचा, आणि फोनवरून फिरणाऱ्या व्हिडिओंमधून आत्या सबंध शहराला फैलावर घ्यायची.

सरकारने किनाऱ्याला कुंपण घालून तिकीट लावलं, तेव्हा आत्या म्हणाली, "बरं केलंत. आता लाटांनाही रांगेत उभं करा, फुकट येतात मेल्या." लोकांचे फोन तपासायचा कायदा आला, तेव्हा ती डोळे मिचकावून म्हणाली, "माझे मेसेज वाचणाऱ्या साहेबा, वाचतोच आहेस तर एक काम कर की रे राजा. आमच्या ह्यांना आठवण कर, येताना पाव आणायचाय."

अख्खं शहर हसलं. साहेब लोक हसले नाहीत.

आत्याच्या आत कुणाचा हात आहे हे शिहाता सोडून तिघांनाच ठाऊक होतं. हनफी मागे वीणेसारख्या सिमसिमियाच्या तारा छेडायचा. सुक्कर मासेवाला बाजारातल्या बातम्या पुरवायचा. आणि रिफअत फेरीबोटीचा सारंग, शिहाताचा शाळेपासूनचा जिवलग. आत्याच्या गालावरचा तीळ त्याच्याच सांगण्यावरून आला होता.

मग एके दिवशी पोलिसांनी हनफीला उचललं. खोट्या बातम्या पसरवल्या म्हणे. आत्या तूच, असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं चाललं होतं. हनफी ना हो म्हणत होता, ना नाही. त्याची आई, उम्म हनफी, डबा घेऊन दर भेटीला जायची आणि तसाच परत आणायची.

फितूर कोण? शिहाताच्या डोक्यात दोनच नावं होती, फोन नाहीतर सुक्कर. फोनचा काय भरवसा, कान भिंतीला नसतील एवढे त्याला. आणि सुक्करचं तोंड म्हणजे फुटका नळ. झिंग्याचा भाव सांगताना शेजाऱ्याच्या सुनेचं भांडणही सांगून मोकळा व्हायचा.

शिहाताने सापळा लावायचं ठरवलं. खरं सांगायचं तर गालातल्या गालात हसतच ठरवलं. त्याने आत्यासारखी दिसणारी तीन गाठोडी शिवली आणि प्रत्येकाच्या पोटात फिसीख भरला. सणाचा तो खारवून मुरवलेला मासा खाणाऱ्याला स्वर्ग असतो, पण नकळत उघडणाऱ्याचं पुढचं जेवण गेलंच. मग ती गुपचूप तीन जागी ठेवून त्याने तीन जणांना त्या तीन जागा सांगितल्या. फोनवर स्वतःलाच मेसेज लिहून ठेवला, आत्या औषधांच्या दुकानामागच्या माळ्यावर आहे. सुक्करच्या कानात सांगितलं, पलीकडच्या काठाला मोडकी होडी पडलीय, तिच्यात. आणि रिफअतला न्हाव्याकडे गाठून, फोन दोघांचेही घरी ठेवून, सांगितलं, "हनफीच्या आईचा गच्चीवरचा कबुतरखाना. पांढऱ्या जोडीच्या खणामागे."

रिफअतला सांगायची तशी गरज नव्हती. पण सगळ्यांना सांगून त्याला वगळलं तर बरं दिसणार नाही, असं शिहाताला वाटलं. त्याच्या नावावर कबुतरखाना टाकला तोही मुद्दामच. रिफअत फुटणार नाही, तेव्हा तिथे कुणी जाणारच नाही, म्हणजे म्हातारीला ताप नाही.

खरी आत्या ह्या सगळ्या काळात एका नवऱ्या मुलीच्या गादीत शिवलेली होती. लग्न अजून लांब होतं.

नंतर शिहाता रोज माळ्याकडे चक्कर मारायचा. माळ्यावर मांजर व्यायली होती, बाकी सगळं शांत. होडीकडेही कुणी फिरकलं नव्हतं. सुक्कर मात्र भेटला की कसबी कारागिराला मारायची ती मानाची हाक मारून विचारायचा, "उस्ता, सणाला फिसीख कुणाकडून घेतलास? माझ्याकडून नाही घेतलास! मित्र म्हणवतोस आणि धंदा दुसऱ्याला देतोस?"

आणि मग उम्म हनफीच दुकानात आली. हसत होती. कित्येक आठवड्यांत ती हसली नव्हती.

"अरे शिहाता, काय सांगू तुला! काल दुपारी आले की रे ते. साध्या कपड्यातले. मला म्हणाले, बाजूला हो आजी. मी म्हटलं, आता पलंग फाडतील, कपाटं उपसतील. तर कसलं काय! घरात पाऊल नाही टाकलं. थेट गच्चीवर. थेट माझ्या पांढऱ्या जोडीच्या खणामागे हात!"

"मग?" शिहाताने दाभण खाली ठेवलं.

"मग काय, एक गाठोडं काढलं. त्यांचा तो मोठा साहेब, चष्मेवाला, सुटाबुटातला, म्हणाला, सापडली! आणि चाकूने टराटरा फाडलं." म्हातारीने पदराने डोळे पुसले. "अल्ला! असा वास सुटला, की साहेब कठड्यावर ओणवा. ओकतोय, ओकतोय, आणि माझी कबुतरं त्याच्या डोक्यावर. आमच्यात फिसीख कुणी कबुतरखान्यात ठेवतं का रे? माझ्या हनफीनेच ठेवला असणार. वेडाच आहे तो."

शिहाता हसला. पोट धरून हसला. साहेबाचा चष्मा, कबुतरं, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो हसता हसताच थांबला.

"थेट पांढऱ्या जोडीच्या मागे?" त्याने विचारलं.

"थेट. जणू त्यांनीच ठेवलं होतं."

ती गेल्यावर शिहाता कापसाच्या ढिगावर बसला. ही जागा त्याने एकाच माणसाला सांगितली होती. मध्ये फोन नव्हता, तिसरा कान नव्हता. न्हावी बहिरा होता. मनाशी खूप खटपट करून पाहिली त्याने, पण दुसरं काही निघेना.

दुपारी तो फेरीबोटीवर चढला. बोट सुटली, लोक कठड्याशी उभे राहून समुद्रपक्ष्यांना पाव फेकायला लागले. शिहाता शिडी चढून सुकाणूपाशी गेला.

"ये उस्ता!" रिफअत म्हणाला. "आज पलीकडे काय काम काढलंस? दुसरी बायको केलीस की काय?"

"चष्मेवाल्याला विचार. त्याला माझ्याबद्दल जास्त ठाऊक असतं."

रिफअतचा हात सुकाणूवर होता, तो तिथेच राहिला. समोरून भलंमोठं मालवाहू जहाज येत होतं. बोट कालव्याच्या मधोमध होती आणि पळून जायला दोघांनाही जागा नव्हती.

"हसू आलं का रे त्याला?" शिहाता म्हणाला. "वासाने ओकला म्हणे. मी म्हटलं, माझा रिफअत असता तर पोट फुटेस्तोवर हसला असता."

"उस्ता..."

"उस्ता म्हणू नकोस मला. गादीवाला म्हण."

रिफअतने जहाज जाऊ दिलं. मग पुढे बघतच बोलला. "पुलावरच्या नाक्यावर त्यांनी माझा फोन घेतला होता. सगळ्यांचेच घेतात. माझा उघडला. आत माझ्या नहलाचे फोटो होते. नवऱ्याने मारलं तेव्हा तिने बापाला पाठवलेले. पाठीवरचे वळ. उघड्या डोक्याने, उघड्या पाठीने, माझी लेक. त्याने माझ्यासमोर एकेक फोटो पाहिला, शिहाता. मोठा करून करून. चहा पीत. म्हणाला, तुझ्या जावयाच्या गावी हे पोचले तर काय होईल रे? नाहीतर आत्या कोण ते सांग."

नहलाला शिहाताने खांद्यावर बसवून पुतळ्यांच्या मिरवणुकीत नाचवलं होतं.

"तुझं नाव जिभेवर आलं होतं," रिफअत म्हणाला. "गिळलं मी. हनफीचं दिलं. त्याला ना बायको, ना पोर."

"त्याला आई आहे."

"तुला चार पोरं आहेत."

"म्हणजे मी तुझे उपकार मानू? लाडू वाटू?"

"मला कुणाचे उपकार नकोत."

"बरं, हनफीचं नाव दिलंस. ते भीतीने दिलंस, मी समजू शकतो. मेलो तरी माफ नाही करणार, पण समजू शकतो. कबुतरखाना का सांगितलास? तेव्हा कोण तुझ्या लेकीचे फोटो बघत होतं?"

रिफअतने पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"पुरावा नव्हता त्यांच्याकडे. नुसत्या नावावर आत ठेवता येत नाही म्हणून न्यायाधीश त्याला सोडणार होता. सुटला असता तर पुन्हा शोध सुरू, आणि पुढचा तू. आणि तेवढ्यात तूच येऊन मला सांगितलंस, बाहुली हनफीच्या घरी ठेवलीय. त्याच्या घरी, शिहाता! तुझ्या दुकानात नाही, माझ्या बोटीत नाही. मला वाटलं, तुलाही तेच हवंय. तोंडाने म्हणवत नाही म्हणून जागा सांगतोयस. मला वाटलं, आपण दोघांनी मिळून ठरवलंय."

खाली कुणाचं तरी पोर पक्ष्याने पाव पळवला म्हणून रडत होतं. शिहाताने सुकाणूघराची चौकट धरली. आयुष्यात त्याने शेकडो लोकांना फशी पाडलं होतं, पण आपण कधी असे पडल्याचं त्याला आठवेना. एवढ्या वर्षांच्या दोस्तीनंतर ह्या माणसाने त्याला असा ओळखला होता.

"न्यायाधीश सोडणार होता?" त्याने हळूच विचारलं.

"सोडणार होता. आता चिडलेत ते. फिसीखचाही पुरावा करतील. सरकारी माणसाची थट्टा केली म्हणतील."

"म्हणजे आता हनफी माझ्या माशामुळे आत."

रिफअतने सुकाणू धक्क्याकडे वळवलं.

"लाव त्याला फोन," शिहाता म्हणाला.

"कुणाला?"

"तुझ्या चष्मेवाल्याला. सांग, आत्या बोटीवर आहे, धक्क्यावर येऊन घेऊन जा. आणि सांग, स्वतःचा आवाज काढून दाखवायला ती तयार आहे. बिनकरामतीचा. हनफीला तो जन्मात जमणार नाही."

"वेडा झालास? मी तुझं नाव नाही देणार. एवढं सगळं कशासाठी केलं मी?"

"एवढं सगळं केलंस ना? मग एकदा माझ्या मनासारखंही कर. लाव."

धक्का जवळ येत होता. मग रिफअतने खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. पडद्यावर नाव उमटलं, शिहाता.

शिहाताचा हात आपोआप स्वतःच्या खिशात गेला. त्याने फोन बाहेर काढून बघितला. फोन गप्प होता. तिकडे घंटी वाजतच होती.

रिफअतने नजर चुकवली. "घरात कुणी विचारू नये म्हणून त्याचा नंबर तुझ्या नावाने ठेवलाय," तो म्हणाला. "तुझं नाव दिसलं की बायको कधी विचारत नाही."

पलीकडून कुणीतरी फोन उचलला.