वाघाच्या आधी

समजा, मुलांनो, माउस तुमच्या हातात आहे. पडद्यावर एक राखाडी चौकट उघडली आहे आणि ती तुम्हालाच विचारते आहे: सीडीवरून येणारी फाईल जुनी आहे, तुमच्याकडची नवी. नवीच राहू द्यायची का? दाराशी पोरांची गर्दी झाली आहे. काय दाबाल?

रिंकूनं 'हो' दाबलं. चौकट मिटली आणि लगेच दुसरी उघडली.

"अजून एक!" ती खुर्चीतल्या खुर्चीत उडाली.

सावली गावातलं हे टायपिंगचं दुकान तिच्या सुरेंद्रकाकांचं. आज रात्री गावात नाटक होतं, आणि त्यातल्या वाघाची डरकाळी यंदा पहिल्यांदाच कॉम्प्युटरमधून निघून भोंग्यावर घुमणार होती. पण वीज जाऊन-येऊन काय बिघडलं कोण जाणे, सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. काकांनी विंडोज अठ्ठ्याण्णवची जुनी सीडी काढली, सगळं पुन्हा बसवायला घेतलं आणि भोंगे बांधायला जाताना रिंकूला बजावलं, "विचारलं का नवीच ठेवजो. आवाजाची फाईल मी मागून टाकली हाये. तिच्यावर जुनी बसली का डरकाळी बंद."

"सगळ्यायले एकदाच 'नाई' म्हनाचं बटन हाये ना," दारातून सूरज म्हणाला. "थेच दाब. नाईतं नाटक सुटंन अन् तू 'हो-हो'च करत राह्यशीन."

"मंग जुनीच बसंन अन् डरकाळी बंद. वाघ तूच होजो. आवाज हाये तुया तसा, म्हशीसारखा."

पोरं खिदळली. कोपऱ्यातल्या बाकावरचे घनश्याम आबाजी, म्हणजे रिंकूचे आजोबा, मात्र हसले नाहीत. इतकी वर्षं नाटकात पडद्यामागे रिकाम्या मडक्यात तोंड घालून वाघ तेच व्हायचे.

"आता काय विचारून राह्यला थो?" त्यांनी मान उंचावली.

"आवाजाचीच फाईल आली, आबाजी! जुनी घेऊ का नवी ठेवू म्हनते."

"जुनी घेतली तं?"

"तं कॉम्प्युटर मुका. मंग..." रिंकूचं बोट थबकलं. मग वाघ पुन्हा आबाजीच. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं. ती वळून त्यांच्याकडे पाहू लागली.

आबाजींनी मिशीवरून हात फिरवला.

"नवी ठेव, बाई. नाटकवाल्यायनं गावभर सांगतलं हाये. मुका वाघ पाहाले कोन येईन?"

तिनं सावकाश 'हो' दाबलं.

चौकटी संपल्या. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि रिंकूनं डरकाळी वाजवली. कपाटाच्या काचा थरथरल्या. पोरं नाचायलाच लागली. "परत! परत!" पण तिसऱ्यांदा वाजली तेव्हा सूरज डरकाळीच्या तालावर तोंड उघडून जांभई देत होता, आणि बाकीचे त्याला पाहून लोळत होते.

"आबाजी, कोनी भेलंच नाई," रिंकू हिरमुसली.

"भेतीन कसे? तू तं वाघ एकदम दारातच आनला. जंगलात थो असा येते का? पहिले दुसऱ्यायले समजते."

"कोनाले?"

आबाजी उठले. दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

खॅक्.

उंच शेंड्यावर कुठंतरी वानर खोकलं. मग काहीच नाही. मग जरा जवळून, खॅक्-खॅक्. त्यामागोमाग चितळाची एक बारीक, कापरी शीळ.

दारातलं हसू थांबलं. सूरजनं हळूच मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. एक लहान पोर दुसऱ्याला चिकटलं.

रिंकूचं बोट बटणावर होतं. आता? आबाजींनी डोळ्यांनीच 'अजून नको' म्हटलं. तिनं पडद्यावरची नजर काढली, बोट तसंच ठेवलं, आणि आबाजींच्या डोळ्यांकडे पाहत राहिली.