न बांधलेला दुसरा मजला

मी दुसरा मजला बोलतोय. मान वर करून शोधू नका, मी तुम्हाला दिसायचा नाही. नाईल जिथे समुद्राला मिळते त्या बाजूच्या एका गावात, कालव्याकाठी, लाल विटांचं एक घर आहे. खाली तळमजला, त्यावर पहिला मजला, आणि गच्चीवर खांबांतून कमरेइतक्या वर आलेल्या लोखंडी सळया. त्या सळयांच्या मधली जी मोकळी हवा, तो मी.

आमच्याकडे घर एका दमात बांधत नाहीत. बाप पाया घेतानाच मुलगे मोजतो, आणि एकेकाचं लग्न ठरेल तसा एकेक मजला चढतो. या घराचा धनी मुतवल्ली, त्याला दोन मुलगे, म्हणून स्वतःच्या तळमजल्यावर त्याने आणखी दोन मजले पेलतील एवढाच पाया घेतला. मधली मुलगी नगात. तिचा हिशेब पायात नव्हता, कारण मुली दुसऱ्याच्या मजल्यावर जायच्या असतात. थोरल्या वाईलचं लग्न झालं, पहिला मजला उभा राहिला. तेवढं बघून मुतवल्ली वारला. मी धाकट्या सामिहचा. त्याचं लग्न व्हायचं होतं, म्हणून मी सळयांवरच थांबलो.

माझा जन्म मात्र थाटात झाला. बयूमी उस्ता, आमच्या गावचा जुना गवंडी, कागद घेऊन आला तर सामिह म्हणाला, “उस्ता, कागदावर मला घर कळत नाही. मला चालून बघायचंय.” मग दोघांनी चुन्याची भुकटी घेऊन मला गच्चीवर खराखुरा, पुऱ्या मापाने आखला. ही बैठक, हे स्वयंपाकघर, ही कालव्याकडची खिडकी.

तेवढ्यात त्याची आई इन्शिराह चहा घेऊन वर आली आणि सरळ चालत सुटली.

“आई, अगं भिंतीतून आलीस!” सामिह ओरडला. “दार ठेवलंय ना एवढं हौसेनं!”

“मेल्या, हातात गरम चहा आहे,” ती म्हणाली. पण परत फिरली, वळसा घालून दारातून आत आली आणि बैठकीत ट्रे ठेवून म्हणाली, “घ्या. सुनेच्या आधी सासूच आली बघ.”

ती खाली गेल्यावर सामिहने जिन्यालगत एक छोटी खोली आखली. तिला दार वेगळं, थेट जिन्यावर.

“ही कशाला?” उस्ताने विचारलं.

“नगातताईची. तिचा नवरा काही धड माणूस नाही, उस्ता. उद्या परत आली तर तिला कुणाच्या तोंडाकडे बघत राहायला नको. पण आईला बोलू नका हं. आत्तापासून रडत बसेल. तिने विचारलंच तर मी अडगळीची म्हणून सांगेन.”

इथे काम नव्हतं आणि मी पुरा व्हायचा होतो. म्हणून सामिह गावातल्या नऊ जणांबरोबर इटलीला जायला निघाला, मासेमारीच्या बोटीतून. किनाऱ्यावरून त्याने फोन केला. “आई, चढतोय आम्ही. गच्चीवरच्या रेघा तेवढ्या पुसू देऊ नकोस.” त्यानंतर त्यातल्या कुणाचाही फोन आला नाही. पलीकडे कुणी उतरलं नाही, अलीकडे कुणी वाहून आलं नाही.

याला अकरा वर्षं झाली. इन्शिराहने त्याच्यासाठी मृताची प्रार्थना होऊ दिलेली नाही. दर हिवाळ्यात पाऊस सरला की ती वर येते, सळयांचा गंज खरवडते, त्यांना ग्रीस चोपडते, प्लास्टिक गुंडाळते आणि गुडघ्यांवर रांगत सगळ्या रेघा पुन्हा चुन्याने आखते. कपडे वाळत घालायला येणारी सून मुकाट दारातून आत येते, दारातून बाहेर जाते. माझ्या भिंतींतून बेधडक फिरतात ती फक्त कबुतरं.

आणि आणखी एक जण. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

भर दुपारी, ऊन तापलेलं असताना, माझ्यातून कुणीतरी चालतं. पावलं ओली असतात. जिन्याकडून येतात, बरोबर दारातून आत शिरतात, बैठकीत थांबत नाहीत, खिडकीशी थांबत नाहीत. जिन्यालगतच्या त्या छोट्या खोलीत जाऊन उभी राहतात. खाली इन्शिराह भाजी निवडता निवडता हात थांबवून छताकडे बघते. मला भीती वाटते. घराला माणसं झपाटतात हे ऐकलं होतं; पण जे घर झालंच नाही त्याने कुठे पळायचं?

तीन वर्षांपूर्वी नगात परत आली. नवऱ्याने दुसरी आणली होती. दोन मुलींना घेऊन ती तळमजल्यावर पाहुण्यांच्या खोलीत झोपते. कुणी आलं की अंथरूण गोळा करायचं आणि तिघींनी स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. गेल्या हिवाळ्यात, आई ग्रीसचा डबा घेऊन वर बसली असताना, नगातचा बांध फुटला.

“जो नाही त्याच्या सळया पुसतेस, आई. मी आहे! मला आतून कडी लावता येईल असं एक दार नाही या घरात.”

“तोंड आवर. भावाचा मजला आहे हा. मुलीला कधी कुणी मजला दिलाय?”

“त्याने दिला असता.”

“तो आला की त्यालाच विचार,” इन्शिराह म्हणाली आणि पुढची सळई पुसायला लागली.

मला ओरडावंसं वाटत होतं, अगं, त्याने दिलाय! पण मला भिंती नाहीत, तर आवाज कुठून असणार?

यंदा जिन्याचा कठडा ढासळला, म्हणून बयूमी उस्ताला बोलावणं गेलं. आता तो काठी टेकत चालतो. त्याला पाहुण्यांच्या खोलीत बसवायचं म्हणून नगातने घाईघाईने अंथरुणं गुंडाळली, मुलींना उठवलं. उस्ताने ते बघितलं. चहाला हात लावला नाही. तसाच धापा टाकत वर आला, इन्शिराह मागोमाग.

“हाज्जा,” काठीने छोटी खोली दाखवत तो म्हणाला, “ही कसली खोली, ठाऊक आहे?”

“अडगळीची. सामिहनेच सांगितलं होतं.”

“अडगळीची नाही. नगातची आहे. ती परत आली तर तिला स्वतःचं दार हवं म्हणून त्याने माझ्याकडून आखून घेतली. तुला सांगू नका म्हणाला. मग तो गेला... मग मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?”

इन्शिराह दारातून त्या खोलीत गेली आणि चुन्यावर खाली बसली. अकरा वर्षं तिने ती रेघ आखली होती. मग तिने जमिनीवर डोकं टेकलं आणि रडली, गावाने बोट बेपत्ता झाल्याची बातमी आणली तेव्हाही रडली नव्हती एवढी.

पदराने तोंड पुसून ती म्हणाली, “एका खोलीत तिघी कशा मावतील? पुरा मजला बांध. तिच्या नावाने.”

विटा आल्या. भिंती उभ्या राहिल्या, थेट त्याच्या रेघांवर. जिन्यावरच्या दाराला नगातने स्वतः निवडून कडी आणली आणि दिवसभरात दहा वेळा लावून बघितली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण एकेक वीट बसत होती तसा मी विरत होतो. नगातचा मजला वेगळा. तो खरा आहे, त्यात कांद्याच्या फोडणीचा वास येईल, पोरी भांडतील. सामिहचा मजला मी होतो. म्हणून तुमचा निरोप घेतोय.

ओली पावलं त्या दिवसापासून आली नाहीत. मी समजलो, सुटला बिचारा. आणि मीही सुटलो.

काल छताचं लोखंड बांधत होते. इन्शिराह वर आली. “उस्ता, खांबांच्या सळया कापू नकोस. वर सोड.”

उस्ता म्हणाला, “हाज्जा, पाया दोन मजल्यांचा. यावर आता काहीही चढायचं नाही.”

“मी तुझ्याकडे विटा मागितल्या का? सळया सोड म्हटलं. तो आला तर आपली जागा कुठे शोधेल?”

उस्ताने काठीवर हात घासले. मग हळूच विचारलं, “केवढ्या सोडू?”

“कालव्यापलीकडून दिसतील एवढ्या.”