बनवणारा अनोळखी आहे

नवऱ्याने मोबाइलचं ॲप बनवायला घेतलं. ॲप बनवायचं अधिकृत सॉफ्टवेअर वापर म्हटलं, तर म्हणे, "ते धूड कशाला? साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहीन, बाकीचं हाताने जुळवीन."

आठवडाभर जेवणाचं टेबल अडवून बसला. चहासाठी हाका मारून माझा घसा बसला, पण स्वारी ढिम्म हलली नाही.

शेवटी ॲप झालं. मी बटण दाबलं की त्याचा फोन ओरडणार, 'चहा झाला!' ऐटीत त्याने ते माझ्या फोनमध्ये घालायला घेतलं. फोनने लगेच विचारलं, 'बनवणारा अनोळखी आहे. धोका असू शकतो. तरी चालेल?'

"दाब ना 'हो'!"

"थांब जरा. लग्नाच्या वेळी मला एवढं कोणी विचारलं नव्हतं."